पेडणेकर, हिराबाई
पेडणेकर, हिराबाई : (१८८५–१९५१). मराठी संगीत नाटककार, पदरचनाकार व कथालेखिका. जन्म सावंतवाडी येथे, कलावंत कुटुंबात. वास्तव्य मुंबईस. शिक्षण मिशनच्या शाळेत. भास्करबुवा बखले यांच्याकडे त्यांनी गायनाचे शिक्षण घेतले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे त्यांचे वाङ्‌मयीन मार्गदर्शक. राम गणेश गडकरी यांच्याशीही त्यांचा स्नेह होता. मनोरंजन मासिकातून त्यांनी कथालेखन केले.

जयद्रथ विडंबन (१९०४) व संगीत दामिनी (१९१२) ही त्यांची नाटके. सोनाबाई केरकर यांचे छत्रपती संभाजी (१८९६) हे नाटक याआधीचे. तथापि केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’ या नामांकित व्यावसायिक मंडळीने रंगभूमीवर आणलेले दामिनी हे स्त्रीलिखित नाट्यकृतींतील आद्य मानले जाते.

त्या काळी नाट्यपदे बहुधा प्रचलित चालींवर रचली जात. अर्थ सांभाळून ऱ्हस्वदीर्घाचा स्वराशी आणि आघाताचा समेशी मेळ साधणे, ही पदकर्त्याची खरी कसोटी. कोल्हटकरांनी वीरतनय (१८९६) पासून नव्या, अवघड चाली रूढ केल्यावर ती अधिकच कठीण झाली. चाल गळ्यातून अवगत असलेल्या गायिकेने शब्द योजणे, हे हिराबाईंचे वेगळेपण होय. कोल्हटकरांचा प्रभाव मात्र त्यांच्या नाट्यरचनेवर स्पष्ट दिसतो. अद्‌भुतरम्यतेकडील ओढ ही त्यांची मर्यादा ठरते.

त्यांच्या कार्यात एक विसंगती आहे. त्या वेळी प्रमुख मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. त्यामुळे स्त्रीने नायिकेसाठी रचलेली पदे पुरुषाच्या कंठातून प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. गायनात निपुण असूनही रचयित्रीला स्वतःच्या नाटकात स्थान नव्हते. हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या भगिनींनी १९२९ मध्ये स्त्रीपुरुषांची मिश्र रंगभूमी उभारली, तोवर पेडणेकरांचे नाट्यलेखन थांबले होते. मुंबई सोडून त्या कोकणात पालशेत येथे राहिल्या व तेथेच निवर्तल्या. पुढे रणजित देसाई यांच्या हे बंध रेशमाचे (१९६८) या नाटकासाठी शांता शेळके यांनी पदे लिहिली, तेव्हा नाट्यगीतकार म्हणून स्त्रीचे नाव सहजपणे स्वीकारले गेले.

नासिकनिवासी नाटककार वसंत कानेटकर यांनी हिराबाईंच्या जीवनावर कस्तुरीमृग (१९७६) हे नाटक लिहिले. विस्मृतीत गेलेली ही लेखिका त्यामुळे पुन्हा चर्चेत आली. परंतु व्यक्तीच्या शोकांतिकेने कृतीला झाकून टाकण्याचा धोकाही त्यातून उद्‌भवला. हिराबाईंचे जीवन परिचित झाले. त्यांची पदे क्वचितच वाचली जातात. ‘आद्य’ या विशेषणाने त्यांचा गौरव होतो, मूल्यमापन होत नाही. ते त्यांच्या संहिता आणि चाली एकत्र अभ्यासूनच होऊ शकेल.