‘जैत रे जैत’ : कंठ, देह आणि समूहस्वर

मोरोपंतांच्या (१७२९-१७९४) आर्या बारामतीत रचल्या गेल्या आणि कीर्तनकारांच्या मुखाने महाराष्ट्रभर पसरल्या. कीर्तनात एकच गाता कंठ राजा, राणी, ऋषी आणि राक्षस या सर्वांच्या वतीने बोलतो. गाणारा म्हणजे पात्र नव्हे, हा संकेत तेथे गृहीतच असतो. बारामती-इंदापूर परिसरातील श्रोत्याला गोंधळ आणि तमाशातील वग यांतूनही हाच संकेत परिचित आहे. संगीत नाटकाने त्याला छेद दिला. तेथे नटाचा देह आणि गायकाचा कंठ एकरूप झाले. १९३५ नंतर रुळलेल्या पार्श्वगायनाने ही एकरूपता पुन्हा मोडली. परंतु मोडल्याची खूण मात्र लपवली. कंठ उसना असूनही तो पात्राचाच आहे, असे प्रेक्षकाने मानावे ही त्याची अट ठरली. या तीन संकेतांच्या पार्श्वभूमीवर ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटातील पात्रयोजना आणि गायन यांचा विचार करणे उद्बोधक ठरते.

गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीचा घाट मुळातच लोककथेचा आहे. लिंगोबाचा डोंगर, तेथील राणीमाशी, तिच्या दंशाने डोळा गमावलेला ठाकर तरुण नाग्या, त्याचा सूडाचा पण, त्याच्या पाठीशी उभी राहणारी चिंधी आणि विजयाच्या क्षणी चुकवावी लागणारी किंमत, ही परीकथेचीच आशयसूत्रे होत. दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी या कथेचे कथन मुख्यतः ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांवर सोपविले.

बारामती आणि इंदापूर यांना लागून असलेल्या दौंड येथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या या दिग्दर्शकाने १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणले होते. नाग्याची भूमिका करणारे मोहन आगाशे त्या नाटकात नाना फडणवीस होते. रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे हे गायकही त्याच रंगपरंपरेतून आले. गाणारा समूह कथा सांगतो, तिच्यावर भाष्य करतो आणि प्रसंगी तिचाच भाग होतो, हे त्या नाटकाचे रचनातत्त्व ‘जैत रे जैत’मध्ये पडद्यावर अवतरले. त्यामुळे साठे-काळे यांचा स्वर एखाद्या पात्राचा उसना कंठ वाटत नाही. तो वाडीचा स्वर वाटतो. नाग्याचे एकाकी दुःखही याच स्वराच्या कुशीत राहते.

स्त्रीस्वराची व्यवस्था मात्र निराळी आहे. चिंधीच्या भूमिकेतील स्मिता पाटील यांच्या देहामागे आशा भोसले आणि लता मंगेशकर यांचे कंठ उभे राहतात. हे कंठ श्रोत्याला आधीच ओळखीचे असतात. स्मिता पाटील यांच्या अभिनयातील रांगडा, जमिनीलगतचा ठाम भाव आणि या स्वरांतील घोटीव सफाई यांत अंतर पडते. हे अंतर केवळ दोष म्हणून नोंदवणे सोपे आहे. तथापि संहितेच्या अंगाने पाहता त्याला एक अर्थही प्राप्त होतो. नवऱ्याला सोडून आलेली, आपली इच्छा उघडपणे बोलून दाखवणारी चिंधी समूहाच्या मर्यादेबाहेर पडलेलीच आहे. वाडीच्या स्वरात न मिसळणारा तिचा स्वर हे तिच्या वेगळेपणाचे चिन्ह ठरते. विजय नाग्याचा आणि वाडीचा; त्यासाठी जातो तो चिंधीचा प्राण. समूहगानात ज्या स्वराला जागा नव्हती, तोच अखेरीस लोपतो. शीर्षकातील जयघोषाला येणारी कारुण्याची किनार या स्वररचनेतूनही सिद्ध होते.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो टाळता येण्याजोगा नाही. या चित्रपटात ठाकर नेमके कोठे गातात? महानोर अजिंठ्याच्या परिसरातील शेतकरी कवी. त्यांच्या गीतांतील पिकांची, पावसाची प्रतिमासृष्टी सह्याद्रीच्या उतारावरील ठाकरांची नव्हे. संगीत मंगेशकरांचे, नट-गायक पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीचे. म्हणजे ज्याला येथे वाडीचा स्वर म्हटले, तो वस्तुतः नागर कलावंतांनी वाडीच्या वतीने लावलेला स्वर आहे. कीर्तनकारही इतरांच्या वतीनेच गातो. पण तो आपले कीर्तनकारपण झाकत नाही. जेथे ‘जैत रे जैत’ निवेदनाचा हा संकेत उघड ठेवतो, तेथे त्याचे प्रातिनिधिक असणे प्रामाणिक राहते. जेथे तो उसन्या स्वराला आदिवासी जीवनाचा अस्सल उद्गार म्हणून पुढे करतो, तेथे आस्वादाच्या माधुर्यात ठाकरांचे मौन बुडून जाते. या गीतांच्या लोकप्रियतेचा विचार करताना ते मौनही ऐकले गेले पाहिजे.