ओस पडलेली गिरणी आणि सार्वजनिकतेचा प्रश्न

मुंबईच्या बंद गिरण्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात दोन सूर ठळकपणे ऐकू येतात. एक सूर हळहळीचा आहे. भोंगा थांबला, चाळ मोडली, भजनी मंडळे विखुरली, असे तो सांगतो. दुसरा सूर वास्तुरचनेच्या अभ्यासकांचा आहे. बिडाचे खांब, करवतीच्या दात्यांसारखी छपरे, उंच चिमण्या यांचे मोल ते आपल्याला समजावून देतात आणि या इमारती पाडू नयेत, नव्या उपयोगाला लावाव्यात, असे सुचवितात. दोन्ही सूर प्रामाणिक असतील. परंतु नव्या उपयोगाचा धनी कोण, हा प्रश्न दोघेही सहसा विचारीत नाहीत. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे.

ओस गिरणीचे जे अनेक नवे उपयोग सुचविले जातात, त्यांत सार्वजनिक वाहतुकीचे केंद्र हा मला सर्वांत न्याय्य वाटतो. गिरणीची शेड म्हणजे मधे भिंती नसलेली प्रशस्त जमीन आणि वरून येणारा उजेड. परळ, दादर भागातील कित्येक गिरण्या रेल्वे स्थानकांपासून हाकेच्या अंतरावर होत्या. पाळी सुटली की हजारो माणसे थोड्या मिनिटांत बाहेर पडत. अशा जागेत बसगाड्यांचे थांबे, तिकीटघरे, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे, फेरीवाल्यांसाठी ओटे आणि स्थानकाकडे जाणारे रुंद जिने सहज सामावले असते. हे स्वप्नरंजन नव्हे. जमीन होती, गर्दीही होती. मग अडले कोठे?

अडले ते कायद्याच्या एका कलमात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरविले होते. एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली या नियमात बदल झाला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची; इमारतीखालची जमीन, ती इमारत पाडली तरी, मालकाकडेच राहील, असे ठरले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? ज्या शेडखाली कामगारांनी आयुष्य घालविले, नेमकी तीच जागा सार्वजनिक वाटणीतून वगळली गेली. चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने १९९६ साली या जमिनींचा एकत्रित विचार मांडला होता. तो बाजूला पडला आणि एकेका गिरणीचा सुटा सौदा सुरू झाला. २००५ साली ज्युपिटर गिरणी २७६ कोटींना आणि दादरची कोहिनूर ४२१ कोटींना विकली गेली. कोहिनूरच्या जागेवर मनोरा उभा राहिला आणि सार्वजनिक म्हणून जे मिळाले, ते मोटारींचे वाहनतळ. गिरणगावात मोटार कोणाच्या दारात उभी असते, हे सांगावयास नको.

याची किंमत २९ सप्टेंबर २०१७ रोजी मोजावी लागली. परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही दोन स्थानके जोडणाऱ्या पुलावर, पावसात, सकाळच्या गर्दीत चेंगरून २३ माणसे मेली. भोवतालच्या गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या होत्या. तेथे कामाला येणारी माणसे वाढत गेली, पूल मात्र तसाच अरुंद राहिला. नवा पूल लष्कराने बांधून फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला केला. जुलै २०१८ मध्ये स्थानकाचे नाव बदलून प्रभादेवी झाले.

येथे कोणी म्हणेल की हा नगररचनेचा प्रश्न आहे. दलित विचाराचा त्याच्याशी काय संबंध? संबंध जुना आहे. गिरणीने सर्व जातींची माणसे एका छपराखाली आणली, हे खरे. परंतु त्या छपराखाली साचाखाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. मजुरी अधिक होती ती त्याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला, तेव्हा कामगार एकजुटीची व्याख्याच तपासली गेली. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत रिंगखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर ते परत कामावर गेले नाहीत. ते म्हणत, ‘साचाखात्याचा खडखडाट तीस वर्षं ऐकला, पण आत काय ते बघितलं नाही.’ त्यांची नात आज महाविद्यालयात शिकविते आणि रोज त्याच परळला उतरून गर्दीत जिना चढते.

म्हणून ‘सार्वजनिक’ हा शब्द आपण सहजासहजी स्वीकारू शकत नाही. महाडचे तळेही सार्वजनिकच होते. ६ डिसेंबरला लाखो माणसे दादरला उतरतात आणि चैत्यभूमीकडे चालू लागतात. त्या दिवशी स्थानक कोणाचे आहे, हे शहराला कळते. आणि नाक मुरडणारे शहरही आपल्याला कळते. चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलची जमीन आपल्या लोकांनी ६ डिसेंबर २०११ रोजी आत शिरून मागितली, तेव्हा ती बाबासाहेबांच्या स्मारकाला मिळाली. बंद गिरणी आपोआप लोकांची होत नाही, हा त्यातला धडा होय.

उद्या एखादी शेड खरोखर वाहतुकीचे केंद्र झाली, तर तिची समीक्षा कशी करावयाची? खांब किती देखणे राखले, यावरून नव्हे. जिना किती रुंद आहे. टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला हक्काचा ओटा आहे की पोलिसाचा दंडुका. बसचे तिकीट रोजंदारीच्या माणसाला परवडते काय. आणि झाडू मारणारा अजूनही आपल्याच वस्तीतून, कंत्राटावर येतो काय, हे प्रथम पाहावे लागेल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर गिरणीचे स्थानक झाले तरी खाती तशीच राहिली, असे म्हणावे लागेल.

विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. बंद गिरणीवर कविता जरूर लिहा. पण तिच्या जमिनीचा नकाशाही मागवा आणि इमारतीखालची जागा कोणाच्या नावावर गेली, ते वाचा.