प्रमादाचें शास्त्र

जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञाचा ‘ह्यूमन एरर’ हा ग्रंथ १९९० सालीं प्रसिद्ध झाला. मनुष्य चुकतो हें कोणासही नवीन नाहीं; परंतु प्रमादांचे प्रकार पाडून त्यांचें शास्त्र रचण्याचें ग्रंथकाराचें कार्य मोलाचें आहे. त्याच्या मतें अपघाताच्या क्षणीं घडलेली चूक ही केवळ शेवटची होय. योजकांच्या व व्यवस्थापकांच्या चुका, शरीरांत दडलेल्या रोगजंतूंप्रमाणें, आधींपासूनच व्यवस्थेंत वास करीत असतात. भोपाळ व चेर्नोबिल हीं त्याचीं उदाहरणें.

नागपूरच्या वाचकास याहून जवळचें उदाहरण आठवेल. १ जुलै २०२३ रोजीं नागपूरहून पुण्यास निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ दुभाजकास आदळून उलटली व पेटली. २५ प्रवासी प्राणांस मुकले. चालकास डुलकी लागली कीं टायर फुटला, यावरच वाद माजला. पण बस दाराच्या अंगावर पडल्यानें दार निरुपयोगी झालें, त्याचें काय? बाहेर पडण्याची दुसरी वाट, रस्त्यावरील विश्रांतिस्थानें, चालकांच्या पाळ्या, यांतलें कांहींच चालकाच्या हातचें नसतें. आणि झोपेस शिक्षेचें भय नसतें.

ग्रंथाचा दोष हा कीं, मनोव्यापारांच्या विश्लेषणांत बहुतेक पृष्ठें खर्ची पडून हा कळीचा विषय सातव्या प्रकरणीं येतो. व्यवस्थेस दोष दिल्यानें चालक सुटेल, अशी शंका कोणी घेईल. तो सुटत नाहीं. मात्र आरोपीच्या पिंजऱ्यांत तो एकटा उभा राहत नाहीं.