आठवड्याचा पाठ आणि आजचे जग : जोनाथन सॅक्स यांच्या तोरा-निरूपणाची चिकित्सा

प्रस्तावना

प्राचीन धर्मग्रंथातील उताऱ्याचा आजच्या जगण्याशी संबंध जोडणारे लेखन भारतातील सर्वच भाषांत विपुल आहे. असे लेखन वाचताना तुम्ही ते श्रद्धेने स्वीकारता किंवा अश्रद्धेने बाजूला ठेवता. समीक्षक म्हणून त्याकडे कसे पाहावे, हे या पाठात आपण पाहू. त्यासाठी ब्रिटिश रब्बी जोनाथन सॅक्स (१९४८–२०२०) यांच्या ‘कव्हेनंट अँड कन्व्हर्सेशन’, म्हणजे ‘करार आणि संवाद’, या लेखमालेचा विचार करू. सॅक्स हे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होते आणि १९९१ ते २०१३ या काळात ब्रिटनचे प्रमुख रब्बी होते.

लेखनप्रकाराची चौकट

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके. वार्षिक वाचनासाठी तिचे ५४ भाग पाडलेले आहेत. अशा एका भागाला ‘पराशा’ म्हणतात. शब्बाथच्या सकाळी सिनेगॉगमध्ये त्या आठवड्याची पराशा वाचली जाते. सिम्हात तोरा या सणाला शेवटचा भाग संपतो आणि त्याच दिवशी उत्पत्तीचा आरंभ पुन्हा वाचला जातो. पराशेवर रब्बी जे निरूपण करतो, त्याला ‘द्राशा’ असे नाव आहे.

मराठी कीर्तनाचा पूर्वरंग आणि उत्तररंग तुम्हाला ठाऊक असेल, तर ही पद्धत परकी वाटणार नाही. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायली समाजात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होत असत. मात्र एक फरक लक्षात ठेवा. कीर्तनकार आख्यान निवडू शकतो. द्राशा करणाऱ्याला ही मोकळीक नसते. यज्ञबलींच्या याद्या असोत किंवा त्वचेवरील डाग, त्या आठवड्याला जे येईल त्यावरच बोलावे लागते. म्हणून या प्रकाराची खरी परीक्षा अवघड पराशांत होते.

पहिले उदाहरण : नोहा आणि अब्राहाम

सॅक्स यांचा एक गाजलेला मुद्दा असा : नीतिमान असणे म्हणजे नेतृत्व नव्हे. नोहा नीतिमान होता. त्याने सांगितल्याप्रमाणे तारू बांधले आणि कुटुंब वाचवले, पण बुडणाऱ्या जगासाठी तो एक शब्दही बोलला नाही. याउलट सदोम नगराचा नाश होणार हे कळताच अब्राहाम देवाशी वाद घालतो आणि पन्नास नीतिमानांपासून सुरुवात करून दहांपर्यंत घासाघीस करतो. यावरून सॅक्स आजच्या वाचकाला सांगतात की, स्वतः स्वच्छ राहणे पुरेसे नाही. इतरांची जबाबदारीही घ्यावी लागते.

या वाचनाला मूळ पाठाचा आधार आहे. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात, जलप्रलय संपल्यानंतर, नोहाचे पहिले शब्द येतात, आणि तेही नातवाला दिलेला शाप म्हणून. ‘आपल्या पिढीत नीतिमान’ या शब्दांत स्तुती आहे की मर्यादा, यावर जुन्या रब्बींमध्येही मतभेद होते. सॅक्स त्या जुन्या चर्चेला पुढे नेतात.

पण आता तुम्ही पुढे वाचा. सदोमसाठी वाद घालणारा अब्राहाम ‘वायेरा’ पराशेत भेटतो. त्याच पराशेच्या शेवटी, इसहाकाला अर्पण करण्याची आज्ञा होते तेव्हा, तोच अब्राहाम गप्प राहतो. मौन हा नोहाचा दोष असेल, तर इथे तो का नाही? सॅक्स या प्रसंगाचे वेगळे वाचन करतात : मूल ही आईबापांची मालमत्ता नाही, हे शिकवण्यासाठी ही कथा आहे. हा विचार मोलाचा आहे. पण एकाचे मौन दोष ठरते आणि दुसऱ्याचे मौन चर्चेबाहेर राहते, हे समीक्षकाने नोंदवले पाहिजे. बोध आधी ठरला आणि निकष नंतर आला, अशी शंका इथे येते.

दुसरे उदाहरण : छावणीबाहेरचा माणूस

लेवीय पुस्तकातील ‘ताझ्रिया’ आणि ‘मेत्सोरा’ या पराशा ‘त्साराअत’विषयी आहेत. भारतीय भाषांतील भाषांतरांत इथे अनेकदा कुष्ठरोग या अर्थाचा शब्द येतो. पण त्साराअत कपड्यांवर आणि घराच्या भिंतींवरही उठतो. तो आजचा कुष्ठरोग नव्हे. मोशेविरुद्ध बोलणाऱ्या मिर्यामला तो झाला, म्हणून रब्बींनी त्याचा संबंध ‘लाशोन हारा’शी, म्हणजे निंदेशी, जोडला. सॅक्स हाच धागा आजपर्यंत आणतात. त्यांच्या एका लेखाच्या शीर्षकात ऑथेल्लो, विकिलीक्स आणि बुरशी धरलेल्या भिंती एकत्र येतात. शब्दाने माणूस उद्ध्वस्त होतो, हा त्यांचा इशारा समाजमाध्यमांच्या काळात नेमका लागू पडतो.

तरीही या रूपकाची किंमत कोण मोजतो? मूळ पाठात एक माणूस फाटक्या कपड्यांनी, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत छावणीबाहेर एकटा राहतो. रोग पापाचे चिन्ह झाला की आपले लक्ष पापाकडे जाते आणि रोगी दिसेनासा होतो. कुष्ठरुग्णांना गावाबाहेर काढल्याचा इतिहास असलेल्या देशात तुम्ही हे वाचत आहात, म्हणून ही बाब तुमच्या नजरेतून सुटू नये. निंदेविरुद्धचा उपदेश स्वीकारतानाही छावणीबाहेरच्या त्या माणसाची बाजू विचारता येते. सॅक्स यांनी नोहाला विचारलेला प्रश्न इथे त्यांच्याच निरूपणाला विचारायचा : बाहेर राहिलेल्यांचे काय?

निष्कर्ष

सॅक्स यांचे बळ असे की ते अवघड पराशा टाळत नाहीत आणि विद्वत्ता सोप्या भाषेत मांडतात. मर्यादा अशी की बोधाची ओढ कधी कधी पाठातील खडबडीत भाग गुळगुळीत करते. पण दरवर्षी तीच पराशा पुन्हा येते आणि नवे निरूपण मागते. त्यामुळे या परंपरेत कोणतेही वाचन अखेरचे ठरत नाही. आक्षेपालाही जागा राहते.

स्वाध्याय

१. तुमच्या भाषेतील एखादे प्रवचन किंवा कीर्तन निवडा. त्यातील बोधाला मूळ कथेतील कोणत्या तपशिलांचा आधार आहे, ते लिहा.
२. त्याच कथेतील कोणता तपशील निरूपणात वगळला गेला? तो परत आणल्यास बोध टिकतो का?