‘कासव’ आणि मनाचे वैद्यक

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट २०१६ सालचा. पुढच्याच वर्षी त्यास राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले आणि त्याची स्तुती पुष्कळ झाली; परीक्षा मात्र त्या मानाने थोडी झाली, असे आम्हांस वाटते. समुद्र, संथ गती, इरावती हर्षे व आलोक राजवाडे यांचा संयत अभिनय, यांविषयी जे लिहिले गेले ते यथार्थच आहे. परंतु हा चित्रपट एका प्रश्नाचे उत्तर देऊ पाहतो, आणि ते उत्तर कितपत खरे हे पाहिल्यावाचून त्याचे मोल ठरावयाचे नाही. तो प्रश्न असा की, खचलेले मन सावरते ते नेमके कशाने?

कथानक थोडके आहे. मनगटाची शीर कापून घेतलेला एक तरुण इस्पितळातून पळतो आणि तापाने फणफणलेल्या स्थितीत जानकीला वाटेत सापडतो. जानकी स्वतः नैराश्याच्या काळोखातून आलेली, अमेरिकेतला संसार मोडून परतलेली. कोकणच्या किनाऱ्यावर दत्ताभाऊंच्या कासवरक्षणाच्या कामात ती मन रमवीत असते. त्या अनोळखी मुलाला ती आपल्या घरी आणते. त्याला खोदून विचारीत नाही, उपदेश करीत नाही, त्याच्या तिरसटपणाने दुखावून त्याला टाकूनही देत नाही. तो हळूहळू कवचाबाहेर येतो.

‘समुपदेशन’ या आपल्या शब्दातच उपदेश दडून बसला आहे, हे त्या शास्त्राचे दुर्दैव होय. कारण गेल्या शतकात या शास्त्राला जो मोठा शोध लागला तो उपदेशाच्या नेमका उलट आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स याने १९५७ साली असे प्रतिपादन केले की, उपचार करणाऱ्याने आतबाहेर एक असावे, समोरच्या माणसाचा कोणतीही अट न घालता स्वीकार करावा, त्याचे दुःख त्याच्या जागी उभे राहून जाणावे, आणि हे त्याला पोहोचावे. एवढे साधले म्हणजे पालट घडतो. जानकी ही जणू रॉजर्सच्या या लेखाची नायिका आहे. आणि ती परकी आहे, हेच तिचे सामर्थ्य. घरच्या मायेला अपेक्षांची किनार असते. आपल्या सुशिक्षित घरांतून मुलगा खोलीचे दार लावून बसू लागला की आईबाप जे बोलतात त्यातील निम्मे शब्द परीक्षा, नोकरी आणि चार लोक यांविषयी असतात. जानकीला त्या मुलाकडून काहीच नको आहे. ही गोष्ट चित्रपटाने फार सूक्ष्मपणे ओळखली आहे, आणि त्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत.

तथापि रॉजर्सपाशी हे शास्त्र थांबलेले नाही. सॉल रोझेनझ्वाइग याने १९३६ सालीच सुचविले होते की, परस्परांशी भांडणाऱ्या उपचारपंथांचे गुण बहुधा सारखेच येतात. म्हणून त्यांच्यात जे समान आहे तेच गुणकारी असावे. हे सर्वस्वी खरे नाही. मंत्रचळ आणि भयगंड यांत विशिष्ट पद्धतीचा उपयोग अधिक होतो. पण नैराश्याच्या बाबतीत त्या म्हणण्यात तथ्य बरेच निघाले. मग हे समान तत्त्व कोणते? एडवर्ड बॉर्डिन याने १९७९ साली त्याची फोड केली: दोघांमधील जिव्हाळा, कोठे जावयाचे याविषयी एकमत, आणि त्यासाठी काय करावयाचे याविषयीही एकमत. जिव्हाळा हा तिघांपैकी एक.

आमचा आक्षेप येथे आहे. ‘कासव’ जिव्हाळ्यावर फार विसंबतो. समुद्र आणि कासवे त्या तरुणाच्या आयुष्यात येतात ती ओघाने. दोघांनी बसून ठरविलेले असे त्यात थोडे. शिवाय जानकीपाशी घर आहे, चाकर आहेत, मोटार आहे, मोकळा वेळ आहे. ज्याच्या घरी दोन खोल्या आणि सहा माणसे आहेत त्याने हा चित्रपट पाहून घरी काय न्यावे?

याचे उत्तर तेरेखोलच्या पलीकडे, गोव्यात आहे. ‘संगत’ या संस्थेतर्फे विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला; तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून तीव्र नैराश्याच्या रोग्यांकडे पाठविले. भेटी सहा ते आठ. त्यांत काय करावयाचे? कोणत्या कृतीने जीव थोडा हलका होतो हे दोघांनी मिळून हुडकावयाचे, त्यातील एखादी लहानशी कृती नेमून घ्यावयाची, आणि पुढल्या भेटीत ती झाली की नाही, अडचण कोठे आली, हे पाहावयाचे. तीन महिन्यांनी अशा रोग्यांपैकी शेकडा ६४ जण नैराश्यातून बाहेर आलेले आढळले. ज्यांना नेहमीचीच, पण थोडी सुधारलेली शुश्रूषा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ होते. बंगला लागला नाही, समुद्र लागला नाही; लागले ते आस्थेने ऐकणारे माणूस आणि दोघांनी ठरविलेले काम.

जेरोम फ्रँक याने १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले की, भरवशाचा माणूस, वेगळे राखलेले स्थान, दुःखाचा काही अर्थ आणि दोघांचा विश्वास असलेला विधी ही चौकट सर्व समाजांतील उपचारांत सापडते. मालवणी मुलखाला हे नवे नाही. देवळात गाऱ्हाणे घालतात तेव्हा चौकट तीच असते, आणि भोवतालची माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात तेव्हा दुःखिताचे ओझे गावाने उचलल्यासारखे होते. पण तेथे बोलतो दुसरा. ज्याचे दुःख तो हात जोडून मुका उभा असतो. नव्या विद्येने पालट केला तो येथे: तिने दुःखिताच्या तोंडी शब्द दिले आणि दुसऱ्याला ऐकावयास बसविले.

जाता जाता रूपकाविषयी एक शब्द. अंग आत ओढून घेणारे कासव आपल्याला गीतेतील दृष्टान्तापासून परिचित आहे. परंतु देवगडजवळच्या तांबळडेगला किंवा वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला अंडी घालण्यास येणारे ऑलिव्ह रिडले हे समुद्रकासव. त्याला मान व वल्ह्यांसारखे पाय कवचात घेताच येत नाहीत. अर्थात कवचाचे रूपक या किनाऱ्यावर लटके पडते. कासवीण अंडी वाळूत पुरून निघून जाते. राखणारे कुंपण घालून सुमारे पन्नास दिवस कोल्हीकुत्री दूर ठेवतात. पिले बाहेर आली की त्यांना लाटेच्या अलीकडे वाळूवर सोडतात, पाण्यात नेऊन टाकीत नाहीत; उरलेली वाळू त्यांनी आपल्या पायांनी तुडवावयाची असते. चित्रपटाने नावात घेतलेल्या प्राण्यापासून हा दुसरा धडा अधिक ठळकपणे घेतला असता, तर जानकी आणि तो तरुण यांच्यातील उत्तरार्ध आम्हांस अधिक भरीव वाटला असता.