‘अंकुराची वाढ’ : एक पुनर्विचार

छायाचित्रणातील नवलाची चर्चा आपल्याकडे बहुधा दुहेरी छाया, आभासचित्रे यांपाशीच थांबते. दादासाहेब फाळके यांचा १९१२ मधील ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट मात्र निराळ्या जातीचा होय. कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा समोर अचल ठेवून, त्यांनी सुमारे महिनाभर त्याची वाढ टिपली. दररोज एकच चित्र घेऊन मिनिटभराचा पट सिद्ध झाला, असे चरित्रपर लेखनात वारंवार आढळते. हे गणितास उतरत नाही. सेकंदाला सोळा चौकटी या तत्कालीन वेगाने तीस चौकटी दोन सेकंदांतच संपतात. मिनिटासाठी ९६० लागतात, म्हणजे दिवसास बत्तीस! पट आज उपलब्ध नसल्याने अभ्यासकांनी निदान एवढा हिशेब तरी करावयास हवा होता.

यामुळे फाळक्यांचे श्रेय उणावत नाही. श्रम मात्र वाढतात. लाइपझिग येथे पेफर याने १९०० च्या सुमारास व इंग्लंडात पर्सी स्मिथ याने १९१० मध्ये वनस्पतींची अशी चित्रे घेतली होती, तेव्हा अग्रमानाचा आग्रह व्यर्थ आहे. महत्त्वाचे हे की, येथे एकही चौकट खोटी नाही; केवळ मधला काळ गाळलेला आहे. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये कन्या मंदाकिनीच्या चेहऱ्यातून कृष्ण साकारतो, त्या युक्तीचे आपण कौतुक करतो. तेथे दोन चित्रे सांधून भास निर्माण केला आहे. कुंडीपुढे, डोळ्यांस दिसूच न शकणारे वास्तव दाखविले आहे. आणि तेही, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी एवढ्याच हेतूने.