चाचे, कायदा आणि तबकड्या

रिचर्ड कर्टिसचा ‘द बोट दॅट रॉक्ड’ (२००९) हा चित्रपट मी तीनदा पाहिला. तिन्ही वेळा भरपूर हसलो आणि तिन्ही वेळा शेवटच्या अर्ध्या तासात मन त्यातून उठले. गाणी उत्तम, नट एकाहून एक सरस, मग बिनसते कुठे? त्या शोधात मी सागरी रेडिओ केंद्रांच्या खऱ्या इतिहासाकडे वळलो, आणि आता माझे मत असे झाले आहे की कर्टिसने खलनायकच चुकीचा निवडला.

कथा १९६६ सालची. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून दूर, उत्तर समुद्रात एक गंजके जहाज नांगरून पडले आहे आणि त्यावरून ‘रेडिओ रॉक’ हे केंद्र रात्रंदिवस गाणी वाजवते आहे. शाळेतून काढून टाकलेला कार्ल आपल्या धर्मपित्याकडे, म्हणजे केंद्राचा चालक क्वेंटिन (बिल नाय) याच्याकडे, राहायला येतो. जहाजावर काउंट नावाचा अमेरिकन निवेदक आहे (फिलिप सीमोर हॉफमन), मागाहून परतणारा गॅव्हिन आहे (रिस इफान्स), शिवाय आणखी पाचसहा वल्ली. तिकडे लंडनमध्ये सर अलिस्टेर डॉर्मंडी हा मंत्री (केनेथ ब्राना) ही केंद्रे बंद पाडायचा विडा उचलून बसला आहे.

जहाज हे मुलांचे वसतिगृह असते तोवर चित्रपट फार गोड आहे. काउंट आणि गॅव्हिन हे दोन घोडे मानापमानापायी डोलकाठीवर वर वर चढत जातात आणि शेवटी दोघेही समुद्रात उड्या घेतात, तो प्रसंग पाहावा. दोघांनाही मनातून खाली उतरायचे असते आणि आधी उतरायची तयारी एकाचीही नसते. हॉफमनने त्या जाड्या माणसाला जी एक थकलेली प्रतिष्ठा दिली आहे, तिच्यासाठी हा चित्रपट पुन्हा पाहीन.

पण याच वसतिगृहात असाही एक प्रसंग आहे की अंधाराचा फायदा घेऊन एका तरुणीच्या शय्येवर तिच्या नकळत दुसराच पुरुष पाठवण्याचा बेत आखला जातो, आणि आपण त्यावर हसावे अशी दिग्दर्शकाची अपेक्षा असते. मला ते जमले नाही. साठच्या दशकातल्या मोकळेपणाचे गोडवे गाताना तो मोकळेपणा कोणाच्या वाट्याला आला, हा प्रश्न कर्टिसला पडत नाही. जहाजावर कायम राहणारी बाई एकच, आणि तिच्याकडे काम स्वयंपाकाचे.

आता खलनायकाकडे येऊ. डॉर्मंडीला संगीताचाच तिटकारा आहे. शिस्त, चहा, भांग पाडलेले केस, असा हा माणूस. त्याच्यामुळे झगडा सोपा होतो: एकीकडे तारुण्य, दुसरीकडे सरकार. प्रत्यक्षात बीबीसीवर तबकड्या कमी वाजत, याचे मोठे कारण होते ‘नीडल टाइम’, म्हणजे तबकडीवर सुई टेकवण्याची मोजून दिलेली वेळ. ही मर्यादा ध्वनिमुद्रिका कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारांतून आली होती. तबकडी वाजली की स्टुडिओतल्या वादकाची बिदागी बुडते, हे त्यामागचे गणित. म्हणून लोकप्रिय गाणी बीबीसीचे वाद्यवृंद आपल्या पद्धतीने वाजवून दाखवत. पोरे वैतागत, त्यात नवल नाही. पण पोटापाण्याच्या काळजीत असलेला व्हायोलिनवाला खलनायक म्हणून उभा करणे अवघड, म्हणून मग डॉर्मंडी.

चाच्यांचेही तसेच. रोनन ओ’राहिली या आयरिश तरुणाने १९६४च्या ईस्टरला ‘रेडिओ कॅरोलाइन’ सुरू केले, ते एका जुन्या डॅनिश फेरीबोटीवरून. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘रेडिओ लंडन’मागे टेक्सासचा पैसा होता, जहाज दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन सुरुंगशोधक, आणि केंद्राच्या नावाच्या सुरावटीही डॅलसहून करून आणलेल्या. या केंद्रांवर अमेरिकन धर्मप्रचारकांची प्रवचने पैसे घेऊन लावली जात. रॉकच्या मधोमध अर्धा तास प्रवचन! विनोदी चित्रपटाला याहून काय हवे? कर्टिस ते वापरत नाही. जाहिरातदारांचा उल्लेख येतो, पण तो गॅव्हिनला परत आणण्यापुरता.

धंद्याची दुसरी बाजू तर त्याहून गंभीर. टेम्स नदीच्या मुखाशी लष्कराने सोडून दिलेल्या बुरुजांवर ‘रेडिओ सिटी’ चाले. जून १९६६मध्ये प्रतिस्पर्धी मेजर ऑलिव्हर स्मेडली याने माणसे पाठवून त्या बुरुजांचा ताबा घेतला. केंद्राचा मालक रेजिनल्ड कॅल्व्हर्ट जाब विचारायला त्याच्या घरी गेला आणि तिथे गोळी लागून मेला. स्मेडली स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सुटला, पण चाच्यांविषयीचे कौतुक त्यानंतर ओसरले आणि कायद्याच्या हालचालींना वेग आला. म्हणजे चित्रपट ज्या वर्षात घडतो त्याच वर्षातली ही गोष्ट, आणि पडद्यावर तिची सावलीही नाही.

कायदा आणला तो हॅरॉल्ड विल्सनच्या मजूर सरकारने. त्याची पूर्वतयारी ज्या खात्यात झाली ते पोस्ट खाते १९६६पर्यंत टोनी बेन या पुढे कडव्या डाव्या म्हणून गाजलेल्या नेत्याकडे होते. डॉर्मंडीच्या चेहऱ्यात बेनचा मागमूस नाही. तीन मैलांपलीकडच्या परदेशी जहाजावर ब्रिटिश सरकारचा हात पोहोचत नव्हता, म्हणून कायद्याने किनाऱ्यावरची रसद तोडली. ब्रिटिश नागरिकाने तिथे काम करणे, जाहिरात देणे, अन्न वा तेल पोहोचवणे हा गुन्हा ठरला. चित्रपटात हा कायदा नववर्षाच्या मध्यरात्री लागू होतो. खरा लागू झाला १४ ऑगस्ट १९६७च्या मध्यरात्री. ‘रेडिओ लंडन’ त्या दुपारी तीन वाजताच गप्प झाले, ‘कॅरोलाइन’ मात्र वाजत राहिले.

आणि लगेच ३० सप्टेंबरला बीबीसीने ‘रेडिओ वन’ सुरू केले. पहिला आवाज टोनी ब्लॅकबर्नचा, म्हणजे कालच्या चाच्याचा. जॉन पीलही तिथेच आला. सरकारने गाणी घेतली, निवेदक घेतले, फक्त जाहिराती बाहेर ठेवल्या.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले, आकाशवाणीवरची चित्रपटगीते आटली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन विमानाने कोलंबोला जाई. त्यावर उतारा म्हणून १९५७मध्ये विविध भारती आली. तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूरहून, १९६७च्या नोव्हेंबरात, ‘रेडिओ वन’नंतर महिन्याभराने. आपण आधी गाणी घेतली, दहा वर्षांनी धंदाही घेतला. ब्रिटनला धंद्यासाठी १९७३पर्यंत थांबावे लागले.

बंदी घालणारा मूर्ख असतो आणि शेवटी हरतो, ही कर्टिसची मांडणी मला म्हणूनच खटकते. सत्ता गाण्यांना कंटाळलेली नव्हती, तिला गाणी स्वतःच्या छपराखाली हवी होती. हे दाखवले असते तर शेवट अधिक विनोदी झाला असता आणि अधिक बोचराही: कालचे बंडखोर बीबीसीच्या दारात अर्ज घेऊन उभे! त्याऐवजी जहाज बुडते, मंत्री मदत नाकारतो आणि शेकडो श्रोते होड्या घेऊन धावून येतात. डोळे पाणावतात, खोटे कशाला बोलू? पण त्या पाण्यात १९७० सालचे गाणे वाजत असते, आणि अखेरीस १९८३चेही वाजते. चित्रपटाचा जीव १९६६मध्ये नाही, पन्नाशी ओलांडलेल्या दिग्दर्शकाच्या स्मरणात आहे, हे ती गाणीच सांगून जातात.

खरी जहाजे थकलेल्या बिलांपायी मार्च १९६८मध्ये ओढून नेली गेली. ‘कॅरोलाइन’चे ‘मी अमिगो’ पुढे पुन्हा समुद्रात परतले आणि मार्च १९८०च्या वादळात बुडाले. होड्यांचा तांडा आला नाही, जीवरक्षक नौका आली. तिने सगळ्या माणसांना सुखरूप बाहेर काढले, आणि त्यांच्याबरोबर जहाजावरचा कॅनरी पक्षीही. त्याचे नाव होते विल्सन. असा पक्षी हाताशी असताना कर्टिसने तो कसा सोडला, हे मला अजून कळलेले नाही.